जेलच्या तळाचा पट्टा

आरएनएवर काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत एक वाक्य वर्षभर कानावर पडतं: “सॅम्पल डिग्रेड झालंय, पुन्हा चालव.” आरएनए मुळात नाजूक. बोटांवर, टेबलावर, नीट न धुतलेल्या बाटलीत त्याला तोडणारी एन्झाइम्स टपून बसलेली असतात. त्यामुळे रेणूंना लांबीनुसार वेगळं करणाऱ्या जेलच्या फिल्मवर वर ठसठशीत पट्टे आणि खाली तळाशी एखादा आगंतुक पट्टा दिसला, की गाईड एक नजर टाकून फिल्म परत देतात आणि विद्यार्थी निमूटपणे नवे हातमोजे चढवतो. पुष्कळदा तो तळ दिसतही नाही. मोठे रेणू नीट सुटे व्हावेत म्हणून जेल जास्त वेळ चालवलं जातं आणि छोटे रेणू खालून बफरमध्ये निघून जातात. मग बफर सिंकमध्ये.

विषाणूंच्या नॉन-कोडिंग आरएनएंचे, म्हणजे ज्यांच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही अशा आरएनएंचे किस्से या तळाच्या आसपास घडले आहेत. शाळेत शिकवतात ती साखळी सरळ असते: डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. तिच्यात न बसणारं जे काही दिसेल ते पेशीचं नेहमीचं सामान, नाहीतर मोडतोड. विषाणूच्या बाबतीत हा समज जास्तच पक्का होता, कारण विषाणूकडे जागाच नसते. अ‍ॅडिनोव्हायरसची सगळी जनुकीय लिपी सुमारे 36,000 अक्षरांची, डेंग्यूची तर 11,000 च्या आसपास. माणसाची तीन अब्जांहून जास्त. इतक्या टीचभर जागेत प्रथिन न देणारा मजकूर कोण कशाला ठेवील? खरं तर हाच युक्तिवाद उलटाही करता येतो. जागेची एवढी टंचाई असताना एखादा तुकडा पिढ्यानपिढ्या टिकतो, तर त्याची काहीतरी मिळकत असणार. पण हे सुचायला बराच काळ जावा लागला.

पहिला किस्सा 1966 चा. रीच, फोर्गेट, वाइसमन आणि रोझ या चौघांना अ‍ॅडिनोव्हायरसची लागण झालेल्या मानवी पेशींत एक छोटा आरएनए भरमसाट प्रमाणात सापडला. लांबी सुमारे 160 अक्षरं. त्याला मिळालेलं नाव फार जपून ठेवलेलं दिसतं: ‘विषाणूसोबत आढळणारा’, आद्याक्षरांनी व्हीए. पुढच्या चार वर्षांत ओहे आणि वाइसमन यांनी त्याचा अक्षरक्रम वाचून काढला. आज यंत्रात नमुना घातला की काम होतं. तेव्हा एन्झाइमने तुकडे करायचे, ते वेगळे करायचे आणि कोणता तुकडा कोणाला चिकटतो हे कागदावर जुळवत बसायचं, असा तो प्रकार होता. 1974 मध्ये रॉबर्ट रोडर यांच्या गटाने तो आरएनए पेशीतलं कोणतं एन्झाइम घडवतं तेही दाखवलं. त्यासाठी उपयोगी पडलं विषारी अळंबीतलं अ‍ॅमॅनिटिन. म्हणजे लांबी माहीत, अक्षरक्रम माहीत, घडवणारं यंत्र माहीत. तो करतो काय, एवढंच माहीत नाही!

आणि दुर्लक्ष झालं म्हणावं, तर अ‍ॅडिनोव्हायरसवर तेव्हा जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांची नजर होती. 1977 मध्ये याच विषाणूत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना जनुकं तुटक असतात हे दिसलं आणि त्यावर पुढे नोबेल मिळालं. त्या धामधुमीत एका मूक रेणूची चौकशी मागे पडली असेल तर नवल नाही. 1982 मध्ये बायर थिम्मप्पया, टॉम शेंक आणि सहकाऱ्यांनी साधा पण निर्णायक प्रयोग केला. मुख्य व्हीए आरएनए बनवू न शकणारा विषाणू तयार केला आणि तो पेशींवर सोडला. विषाणूचा डीएनए वाढला, संदेशही लिहिले गेले, पण ते वाचून प्रथिनं बनवायचं काम ठप्प झालं.

कारण पुढच्या तीन-चार वर्षांत उलगडलं. पेशीत पीकेआर नावाचं प्रथिन असतं. लागणीच्या वेळी दुहेरी धाग्याचा आरएनए दिसला, की त्यावर दोन पीकेआर शेजारी शेजारी बसतात, एकमेकांना जागं करतात आणि पेशीतली सगळी प्रथिननिर्मिती बंद पाडतात. पेशी मरेना का, विषाणू वाढता कामा नये, असा तो हिशेब. व्हीए आरएनए स्वतःवरच दुमडून दुहेरी धाग्याचं सोंग घेतो. पीकेआर त्याला धरतं, पण तिथे दुसऱ्या पीकेआरला बसायला पुरेशी जागा नसते, म्हणून ते जागंच होत नाही. पेशीतली सगळी पीकेआर अशी गुंतवून ठेवायची तर माल मुबलक हवा. लागणीच्या अखेरीस एकेका पेशीत या आरएनएच्या सुमारे दहा कोटी प्रती असतात. दहा कोटी प्रती असलेली वस्तू सोळा वर्षं बिनकामाची वाटत राहिली.

यानंतरचा किस्सा मला या सगळ्यांत जास्त आवडतो, कारण त्यातली कोणतीच व्यक्ती विषाणूतला आरएनए शोधायला निघालेली नव्हती.

येल विद्यापीठातल्या जोन स्टाइट्झ यांना सत्तरच्या दशकात पेशीकेंद्रातल्या छोट्या आरएनए-प्रथिन जोड्यांचा माग काढायचा होता. इतरांनी सोडून दिलेल्या विषयाचं त्यांना वावडं नव्हतं. हार्वर्डमध्ये जेम्स वॉटसन यांच्या प्रयोगशाळेतल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. त्याआधी ज्या प्राध्यापकांकडे त्या गेल्या होत्या त्यांनी, बाई आहात, लग्न होईल, मुलं होतील, पीएचडीचं काय करणार, असं सुनावून परत पाठवलं होतं. पुढे केंब्रिजला गेल्यावर त्यांनी तिथल्या पुरुष सहकाऱ्यांनी हात न लावलेला एक प्रश्न उचलला: प्रथिनं बनवणारा रायबोसोम संदेश नेमका कुठून वाचायला सुरुवात करतो? त्याच कामाने त्यांचं नाव झालं.

येलमध्ये अडचण वेगळी होती. या जोड्या पकडायला प्रतिपिंडं हवी होती आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांकडून ती मिळवण्याचे प्रयत्न फसले होते. तेव्हा डॉक्टरकी आणि पीएचडी एकदमच करणाऱ्या मायकल लर्नर या विद्यार्थ्याने वैद्यकाच्या बाजूने विचार केला. ल्यूपस या आजारात शरीर स्वतःच्याच पेशीकेंद्राविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मग ती रुग्णांच्या रक्तात आयती मिळणार नाहीत का? येलमधलेच संधिवाततज्ज्ञ जॉन हार्डिन यांच्याकडे अशा रुग्णांचे रक्तद्रव होते. 1979 मध्ये त्यातून जे हाती लागलं त्याने तुटक जनुकांचे तुकडे पेशी कसे जोडते या कोड्याला वाट मिळाली. ही प्रतिपिंडं ज्यांना धरतात त्या प्रथिनांची नावं मोठी गमतीची आहेत: एसएम, रो, ला. ज्या रुग्णांमध्ये ती पहिल्यांदा दिसली त्यांच्या नावांची ती पहिली दोन-दोन अक्षरं.

हातात असं हत्यार आल्यावर ते जिथे तिथे लावून पाहण्याचा मोह कोणाला होणार नाही? शेजारी जॉर्ज मिलर होते आणि ते एपस्टाइन-बार विषाणूवर काम करत होते. ‘ला’ प्रतिपिंडं या विषाणूची लागण असलेल्या पेशींवर वापरली, तर दोन अनोळखी आरएनए बाहेर आले. दोन्ही विषाणूचे, दोन्ही 170 अक्षरांच्या आसपास, आणि एकेका पेशीत लाखोंच्या संख्येने. 1981 मध्ये लर्नर, अँड्र्यूज, मिलर आणि स्टाइट्झ यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांचं नाव ईबर-1 आणि ईबर-2. दोनच वर्षांनी भट आणि थिम्मप्पया यांनी दाखवलं, की अ‍ॅडिनोव्हायरसमधून व्हीए काढून त्या जागी ईबर घातले तरी त्याचं बऱ्यापैकी भागतं. दोन विषाणू अगदी वेगळ्या कुळांतले, अक्षरक्रमातही मोठंसं साम्य नाही, आणि तरी एक दुसऱ्याची बदली करतो.

एपस्टाइन-बार विषाणूच्या नशिबातच हा योग असावा. तो सापडला तोही जवळपास फेकून दिलेल्या नमुन्यातून. 1963 च्या अखेरीस युगांडातून लंडनला अँथनी एपस्टाइन यांच्याकडे जबड्याच्या गाठीचा तुकडा विमानाने निघाला. धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. नमुना पोहोचेपर्यंत बाटलीतलं द्रव गढूळ झालं होतं. गढूळ म्हणजे जिवाणू शिरले, म्हणजे फेका, असा साधा नियम. एपस्टाइन यांनी टाकण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या. त्या पेशी वाढवल्या आणि 1964 मध्ये त्यांतच विषाणू दिसला.

ईबरकडे परत येऊ. 1991 मध्ये स्वामिनाथन, टॉमकिन्सन आणि कीफ यांनी ईबरची दोन्ही जनुकं विषाणूतून कापून टाकली. इतका मुबलक आरएनए काढला तर विषाणू कोलमडेल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. विषाणू प्रयोगशाळेत मजेत वाढला आणि लिम्फोसाइट्सना अमरही करत राहिला. यातून ईबर निकामी आहेत असा निष्कर्ष काढणं घाईचं होतं. बशीतल्या पेशींवर प्रतिकारशक्तीचा पहारा नसतो. जे रेणू त्या पहाऱ्याशीच झुंजायला आहेत त्यांची उणीव तिथे कशी जाणवणार? ईबर-2 चं एक नेमकं काम 2015 मध्ये स्टाइट्झ यांच्याच प्रयोगशाळेतून समोर आलं: पेशीचं पॅक्स-5 नावाचं प्रथिन विषाणूच्या डीएनएवर योग्य जागी आणून बसवणं. शोध आणि हे उत्तर यांच्यामध्ये चौतीस वर्षं.

या मधल्या काळात पॅथॉलॉजिस्ट मंडळी उत्तराची वाट बघत बसली नाहीत. रेणू काय करतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. तो लाखोंनी असतो, एवढं पुरेसं होतं. गाठीच्या पातळ कापावर ईबरला चिकटणारा प्रोब टाकला, की विषाणू असलेल्या पेशींची केंद्रं गडद रंगतात. नाक-घशाचा कर्करोग, काही प्रकारचे लिम्फोमा यांचं निदान करताना मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ही तपासणी नेहमीची आहे. नागालँडमध्ये नाक-घशाच्या कर्करोगाचं प्रमाण देशात खूप जास्त आहे. तिकडच्या रुग्णांच्या अहवालातही ‘ईबर पॉझिटिव्ह’ हे शब्द असतात. ज्याच्या कामाबद्दल शास्त्रज्ञ अजून वाद घालतात त्याच्या नावाने रोज निदान होतं, हे मला शास्त्राच्या व्यवहारातलं फार खरं चित्र वाटतं.

याच विषाणूचा आणखी एक किस्सा, थोडक्यात. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात थॉमस टुशल यांच्याकडे सेबास्टियन फेफर यांनी एपस्टाइन-बारची लागण असलेल्या पेशींतले अगदी चिमुकले, बावीसेक अक्षरांचे आरएनए गोळा केले. माणसाचे असे आरएनए, म्हणजे मायक्रोआरएनए, सापडणार हे उघड होतं. त्यांत सुमारे चार टक्के विषाणूचे निघाले. विषाणूही मायक्रोआरएनए बनवतात याचा हा पहिला पुरावा. पण ज्या वाणावर काम झालं होतं तो ‘बी-95-8’, म्हणजे जॉर्ज मिलर यांनीच 1973 मध्ये छोट्या माकडांच्या पेशींत वाढवलेला वाण. प्रयोगशाळांचा लाडका, आणि 1984 मध्ये संपूर्ण अक्षरक्रम वाचलेला पहिला हर्पिस विषाणू, 1,72,282 अक्षरांचा. त्यात सुमारे 12,000 अक्षरांचं एक भगदाड होतं, आणि विषाणूच्या मायक्रोआरएनएंपैकी बरेचसे नेमके त्या भगदाडातले! इतर वाण तपासल्यावर ते सापडले. आज ही संख्या चाळीसच्या पुढे आहे. वर्षानुवर्षं सगळे ज्याला प्रमाण प्रत मानत होते तिची पानंच फाटलेली होती.

आता डेंग्यूच्या कुळाकडे. या कुळाला फ्लॅव्हिव्हायरस म्हणतात आणि आपल्याकडे त्याची ओळख करून द्यायला नको. डेंग्यू पावसाळ्यासोबत येतो. 1957 मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, ज्याला वेगळं काढलं तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा विषाणूही याच कुळातला. गेल्या काही वर्षांत तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला. तिकडे सगळे त्याला माकडताप म्हणतात.

या कुळातले विषाणू आपली सगळी प्रथिनं एकाच लांब साखळीत बनवून मग तिचे तुकडे करतात. म्हणून जेलवर त्यांचा एकच मोठा पट्टा दिसायला हवा. तरीही तळाशी, तीनशे ते पाचशे अक्षरांच्या आसपास, दुसरा एक पट्टा येत राहायचा. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियात उंदरांच्या मेंदूत तो दिसला. 2004 मध्ये तैवानच्या गटाने जपानी मेंदूज्वराच्या विषाणूत त्याची नोंद केली. जेलवर तो दिसलेले आणि पुन्हा सॅम्पल बनवायला घेतलेले विद्यार्थी किती असतील कोण जाणे. कारण शंका रास्तच होती: लांब आरएनएचा शेवटचा तुकडा उरला आहे, म्हणजे बाकीचा कोणीतरी खाल्ला आहे. हे डिग्रेडेशन नाही तर काय?

गंमत अशी, की ते डिग्रेडेशनच होतं. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात अलेक्झांडर ख्रोमिख आणि नेदरलँड्सहून आलेले गोर्बेन पैलमान यांनी याच कुळातल्या वेस्ट नाईल विषाणूचा ऑस्ट्रेलियातला वाण, कुंजिन, घेऊन 2008 मध्ये ते दाखवलं. पेशीत एक्सआरएन-1 नावाचं एन्झाइम आहे. त्याचं काम निकामी आरएनए एका टोकापासून खात सुटणं. ते विषाणूचा आरएनएही खातं, हजारो अक्षरं फस्त करतं आणि शेवटच्या पाचशेएक अक्षरांपाशी अडकतं. उरलेला तुकडा म्हणजे तो पट्टा. संशोधकांनी त्या जागेची घडी बदलली, तशी अडवणूक संपली आणि पट्टा गेला. विषाणू वाढत राहिला, पण पेशी मारायची त्याची ताकद घटली आणि उंदरांना तो पूर्वीसारखा आजारी पाडेना. पेशीच्या सफाई यंत्रणेकडूनच विषाणू आपलं हत्यार घडवून घेत होता.

पण एक्सआरएन-1 अडकतं कसं? ते साधंसुधं एन्झाइम नाही. आरएनएच्या भल्याभल्या गाठी उलगडत पुढे जातं. कोलोरॅडोत जेफ्री कीफ्ट यांच्या गटाने 2014 मध्ये स्फटिक बनवून या जागेची रचना पाहिली. आरएनएने स्वतःचीच एक कडी बनवली होती आणि स्वतःचंच टोक तिच्यातून ओवून घेतलं होतं, सुईच्या नेढ्यात दोरा असतो तसं. एन्झाइम दोरा खात येतं आणि नेढ्यावर आपटतं. विषाणूचं स्वतःचं कॉपी करणारं एन्झाइम मात्र विरुद्ध बाजूने येतं, तेव्हा त्याला घडी सहज उलगडते. एका दिशेने भिंत, दुसऱ्या दिशेने दार. आणि त्यात प्रथिनाचा कणही नाही. मला विचाराल तर गेल्या वीसेक वर्षांत आरएनएच्या रचनांमध्ये इतकी हुशार घडी क्वचितच दिसली असेल.

हा तुकडा साथींमध्येही दिसतो. प्वेर्तो रिकोत 1994 मध्ये डेंग्यू-2 चा एक नवा वाण आला आणि त्याने जुन्याला हटवलं. सिंगापूर आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये त्याचं एक कारण पुढे ठेवलं: आरएनएच्या शेपटाकडच्या थोड्या बदलांमुळे नवा वाण हा तुकडा जास्त बनवतो. तो तुकडा ट्रिम-25 या प्रथिनाला धरून ठेवतो आणि पेशीचा विषाणूविरुद्धचा इशारा, इंटरफेरॉन, दबतो. पुढे हाच तुकडा डासाच्या लाळेतही सापडला. म्हणजे डास चावतो तेव्हा विषाणूबरोबर त्याचं हत्यारही त्वचेत उतरतं.

आता जरा मागे, अमेरिकेतल्या बेथेस्डाला. नव्वदच्या दशकात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत चिंग-जू लाय आणि सहकारी डेंग्यूच्या लशीसाठी विषाणू दुबळा करू पाहत होते. प्रथिनांच्या भागाला धक्का न लावता त्यांनी डेंग्यू-4 च्या शेपटातले वेगवेगळे तुकडे कापून पाहिले. त्यातल्या 30 अक्षरं काढलेल्या विषाणूने चांगलं जमवलं: माकडांच्या रक्तात तो फारसा वाढत नव्हता, पण प्रतिकारशक्ती जागवत होता. हा निबंध 1996 चा. त्या शेपटापासून कुठला वेगळा आरएनए उरतो, तो काय करतो, हे कोणाच्या गावीही नव्हतं. कापून पाहिलं, चाललं, पुढे गेले. 2018 मध्ये याच विषाणूवर उलटा प्रश्न विचारला गेला. तो मानवी पेशींत तळाच्या पट्ट्याचा आरएनए पुरेसा साठवू शकत नाही आणि म्हणून इंटरफेरॉनपुढे टिकत नाही, असं निघालं. लस दुबळी का, याचं निदान एक उत्तर बावीस वर्षांनी मिळालं.

दरम्यान लस पुढे गेली होती. ब्राझीलच्या बुटांटान संस्थेने ती घेतली. आपल्याकडे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आणि पॅनेशिया बायोटेक यांनी याच मूळ वाणांवर आपापल्या लशी बनवायला घेतल्या. पॅनेशियाच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेबरोबर ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला सुरू झाली, देशभरातल्या 19 केंद्रांवर 10,000 हून जास्त स्वयंसेवकांसाठी. डेंग्यूचे चार प्रकार, म्हणून लशीत चार विषाणू. चौघांच्याही शेपटातून ती 30 अक्षरं काढलेली आहेत.